सुतानं बांधलेली लालपत्ती

रंभाला ते झाड सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं.

तिचा नवरा मच्छिंद्र दौंडला रेल्वेच्या लोकोशेडमध्ये खलाशी होता. आठवड्याच्या सुट्टीला भीमा ओलांडून तो मांडवगण फराट्याजवळच्या वाडीत घरी यायचा. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. अशाच एका फाल्गुनात तो ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काटक्या घेऊन आला.

"सायबाच्या बंगल्यावर माळ्यानं छाटून टाकल्या व्हत्या," तो म्हणाला. "पानशेटिया म्हणत्यात. थंडीत पानं लालभडक व्हत्यात."

"पानं? आन् फूल?"

"फूल नावालाच. पानंच फुलावानी दिसत्यात."

रंभानं काटक्या दारापुढं तिरक्या खोचल्या. खोचताना एकीच्या तोंडातून पांढरा चीक आला आणि तिच्या मनगटावर ओघळला. दुसऱ्या दिवशी तिथं पुरळ उठलं. भाकरी थापताना हात खाजवायची सोय नाही, तेव्हा ती नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत बसली. सासू तुळजाबाई जवळ येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "शेराच्या जातीचं दिसतंय. चीक डोळ्यात जाऊ देऊ नको, बये."

काटक्या लागल्या. पावसाळ्यात तरारल्या. मग खोडाला पिठासारखी पांढरी कीड लागली. बोटानं पुसावी तर चिकट, बुळबुळीत. रंभाला मुळातच घाण खपत नसे. तिचं अंगण, तिची मोरी, तिची घासलेली पितळी, हे सगळं वाडीतल्या बायका एकमेकींना दाखवत. नाक मुरडत, ओकारी दाबत तिनं तंबाखूचं पाणी करून चिंधीनं ते एकेक खोड पुसलं. शेळ्या तोंड लावत नव्हत्या, देवाला वाहायला फूल नव्हतं, भाजीला उपयोग नव्हता. शेजारणी म्हणायच्या, "रंभे, ह्यापरीस शेवगा लावला असता तर कालवण तरी झालं असतं."

आणि मग थंडी पडली. शेंड्याची पानं एका कडेनं तांबूस झाली. तिला वाटलं, पुन्हा काही रोग आला. पण तांबूसपण पसरत गेलं आणि मार्गशीर्षात त्या मातीच्या भिंतींच्या घरापुढं असा काही लाल रंग उभा राहिला, की रस्त्यानं जाणारा बैलगाडीवाला कासरा ओढून थांबायचा. सडा घालून झाला की रंभा आपली उंबऱ्यावर बसून राहायची. त्या लाल रंगाकडं बघताना तिला आपलं घर आपल्याच नजरेत मोठं झाल्यासारखं वाटायचं. फाल्गुनात पानं गळाली, उघड्या काड्या राहिल्या, तेव्हा नवऱ्यानं सांगितल्याप्रमाणं तिनं त्या छाटल्या, कापलेल्या तोंडांना राख लावली. पुढच्या थंडीला झाड दुप्पट झालं.

त्या दुसऱ्या थंडीत पार्वतीबाईंनी ते पाहिलं.

पार्वतीबाई म्हणजे पोपटरावांच्या मंडळी. नदीकाठची काळी जमीन, ऊस, विहिरीवर विजेची मोटर. पोपटराव सोसायटीत संचालक. त्यांच्या मळ्यात रंभा खुरपायला जायची. बौद्धवाड्यातल्या बऱ्याच बायका जायच्या. पार्वतीबाई काही स्वभावानं वाईट म्हणाव्यात अशा नव्हत्या. चहा द्यायच्या, पण कपबशी गोठ्याच्या वळचणीला वेगळी ठेवलेली, आणि ती विसळून पुन्हा तिथंच पालथी घालायची, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी त्या रस्त्यावरच उभ्या राहिल्या.

"रंभे, ह्याची फांदी दे गं मला."

"या की वैनी, आत या. कुठली पायजे ती दाखवा."

"न्हाई, न्हाई, मी हितंच बरी हाय. तू काप आन् तिथं कडंला ठेव. गडी न्हेईल."

रंभानं चांगल्या जाड फांद्या निवडून कापल्या आणि बांधाच्या दगडावर ठेवल्या. गड्यानं त्या नेल्या. लावल्या मात्र रंभानंच. चीक अंगाला लागतो म्हटल्यावर गड्यानं हात काढून घेतला होता. पोपटरावांच्या ओसरीपुढं विटांचं गोल आळं करून तिनं त्या खोचल्या, आणि रोज मळ्यातून परतताना त्यांना पाणीही तीच घालू लागली. झाड वाढलं. रंभाच्या झाडापेक्षा उंच, पानं तळहाताएवढी, हिरवीगार.

पण पुढची थंडी आली आणि ते लाल होईना.

कार्तिक गेला. रंभाच्या दारात शेंडे पेटले होते आणि इकडं एक पान रंग बदलायला तयार नव्हतं. मच्छिंद्रनं दौंडच्या माळ्याला विचारलं. माळी म्हणाला, ह्या झाडाला सांजेपासून काळोख लागतो; स्टेशनाकडच्या दिव्याखाली आहे ते अर्धं हिरवंच राहतं, मागची बाजू तेवढी लाल होते. पोपटरावांच्या ओसरीला नवी वीज आल्यापासून मोठा दिवा रात्रभर जळत असायचा. रंभानं साधेपणानं सांगितलं, "वैनी, दिवा मालवून बघा काही दिस. उजेडानं व्हत न्हाई म्हणं त्ये."

पार्वतीबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं त्यांच्या भाकरीला हात लावला असावा.

"म्हंजी तुमच्यावानी अंधारात बसायचं व्हय आमी? बरं सुचतं तुला. फांदीच वांझोटी दिली असशील."

विषय तिथं संपायला हवा होता. पण संपतच्या लग्नाचं निघालं.

संपत हा पोपटरावांचा थोरला. त्याच्यासाठी पुण्याची मुलगी सांगून आली होती. मुलीचे वडील शिरूरला कामानिमित्त आले तेव्हा पोपटरावांनी त्यांना घरादाराचं वर्णन ऐकवलं, आणि मुलीच्या आईला बागेची हौस आहे हे कळल्यावर जाता जाता ठोकून दिलं, "आमच्या दारात पानशेटियाचं झाड हाय, असं लाल पुऱ्या तालुक्यात न्हाई." ते लोक घर बघायला येणार असा निरोप आला, आणि पार्वतीबाईंच्या दारातलं झाड हिरवंगार उभं.

पाहुणे यायचे त्या दिवशी सकाळीच गडी टोपली घेऊन रंभाच्या दारात आला. मागं पार्वतीबाई रस्त्यावर.

"रंभे, तुझ्या झाडाची लाल पानं समदी काढ. शेंड्यासकट. आन् चल माझ्यासंगं."

"समदी?"

"आगं, पुन्यांदा फुटंल की. झाडच हाय त्ये. संपतच्या लग्नाचं काम हाय, तुला न्हाई वाटत का काही?"

तुळजाबाई मांडवगणला गेल्या होत्या. त्या घरी असत्या तर काय झालं असतं, हा विचार रंभानं नंतर पुष्कळदा केला. त्या घटकेला तिनं विळा घेतला. वर्षभर त्यांच्याच मळ्यात काम होतं. नाही म्हणायची सवय तिच्या जिभेला नव्हती. शेंडा कापला की चीक टपटपायचा, तिच्या बोटांवरून कोपरापर्यंत यायचा. टोपली भरली. मागं झाडाचे नुसते बुंधे राहिले, तोंडातून पांढरं गाळत.

पोपटरावांच्या ओसरीपुढं पार्वतीबाईंनी काळ्या सुताचं रीळ तिच्यापुढं टाकली.

"बांध. हिरव्या पानांच्या आड बांध, सूत दिसता कामा न्हाई."

रंभाला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिच्या दारची लाल पानं ह्यांच्या झाडाला बांधायची होती. तिला हसू यायला लागलं होतं, इतकं ते वेडगळ होतं. तिनं पहिला शेंडा बांधला. तो फांदीतूनच फुटल्यासारखा छान दिसला. तिनं मागं सरून पाहिलं, तर पार्वतीबाई पुढं झाल्या. त्यांच्या हातात तांब्या होता. त्यांनी बोटं बुडवली आणि त्या शेंड्यावर शिंतोडे उडवले. वास आला तेव्हा रंभाला समजलं, गोमूत्र होतं.

"बांध की, थांबलीस का?" पार्वतीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. धान्य पाखडताना खडा बाजूला टाकावा, तसं त्यांचं चाललं होतं. रंभानं दुसरा शेंडा बांधला. पार्वतीबाईंनी शिंपडलं. तिसरा बांधला. शिंपडलं. ह्या पानांवरची धूळ रंभा रोज ओल्या फडक्यानं पुसत असे. तिच्या हातावर चीक वाळून काळा पडत होता, वर ते पिवळट थेंब उडत होते, आणि ऊन चढेल तसा त्याचा उग्र दर्प तिच्या नाकात, घशात, पोटात उतरत होता. तरी ती बांधत राहिली. तिचे हात थांबले नाहीत, ह्याचीच तिला पुढं सगळ्यांत जास्त शिसारी आली.

मोटार आली तेव्हा झाड खरोखर बघण्यासारखं झालं होतं. रंभाला गोठ्यापाशी बसायला सांगितलं. पाहुणे उतरले. पोपटराव हात करून म्हणाले, "हे बघा, मी म्हणलो व्हतो ना?" मुलीचे वडील "वा, वा" म्हणाले आणि त्याच दमात त्यांनी विहिरीला बारमाही पाणी असतं का ते विचारलं. मुलीच्या आईनं चालता चालता मान वळवली, "सुंदर आहे हं," म्हणाली, आणि आत गेली. बस्स. एवढ्यासाठी रंभाचं दार उघडंबोडकं झालं होतं.

जेवणं झाली. सोयरीक जमल्याचं हसण्यावरून बाहेर कळत होतं. ऊन चांगलंच तापलं होतं. हात धुवायला मुलीची आई, पुण्याच्या बाई, बाहेर मोरीवर आल्या. मागून पार्वतीबाई टॉवेल घेऊन आल्या. हात पुसून बाई झाडाजवळ गेल्या. तोपर्यंत लाल शेंड्यांनी माना टाकल्या होत्या. सगळं झाड ताठ हिरवं आणि लाल तेवढं लोंबतंय, असं ते विचित्र दिसत होतं.

"अगंबाई, ह्यांनी मान का टाकली?" बाईंनी एक शेंडा हळूच हातात घेऊन वर उचलला.

"ऊन लागलं जणू," पार्वतीबाई घाईनं म्हणाल्या. "ए रंभे, पाणी आण गं झाडाला."

रंभा बादली घेऊन आली. बाई तिच्याकडं बघून हसल्या. "तू बघतेस का गं ही बाग? काय करतेस, एवढी लाल कशी होतात? आमच्याकडची नुसती फिकट."

रंभानं बादली खाली ठेवली. पार्वतीबाई डोळ्यांनी तिला दटावत होत्या. घशात सकाळपासून साचलेलं काहीतरी होतं, ते तोंडावाटे बाहेर पडणारच होतं. शब्द म्हणून पडलं एवढंच.

"झाड वैनीचं हाय, बाई. लाल पानं माझ्या दारची हायेत. सुतानं बांधल्यात. आन् त्येच्यावर गोमूत्र शिंपडलंय. तुमी आत्ता हात धुतला, तवा म्हणलं सांगावं."

बाईंनी शेंडा झटकन सोडला. नाक आक्रसलं. "शी!" म्हणून त्यांनी बोटं टॉवेलाला पुसली. मग पार्वतीबाईंना विचारलं, "गोमूत्र कशाला?"

पार्वतीबाई पदर सारखा करू लागल्या. रंभानंच सांगितलं. "आमी बौद्धवाड्यातलं. म्हणून."

आणि मग रंभानं ते पाहिलं. गोमूत्राचं ऐकून त्या बाईनं टॉवेलाला बोटं पुसली होती. हे ऐकल्यावर तिनं टॉवेल पार्वतीबाईंच्या हातात परत दिला, मोरीवर गेली, दगडावरची राख घेतली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत चोळून चोळून धुतले. फार सभ्यपणे धुतले. रंभाकडं न बघता.

गाईच्या मुताला नुसतं पुसणं, आणि तिच्या दारच्या पानाला राख.

रंभाला आजवर ह्या लोकांची भीती वाटत आली होती, कधी राग, कधी हेवासुद्धा. किळस कधी वाटली नव्हती. किळस ही त्यांनी करायची गोष्ट, आपण करून घ्यायची, असंच ती जन्मभर धरून चालली होती. आता त्या दोघी बायकांकडं, त्यांच्या काठाच्या लुगड्यांकडं, राखेनं पांढऱ्या झालेल्या त्या हातांकडं बघताना तिच्या अंगावर काटा आला. पांढऱ्या किडीला बोट लागलं की यायचा, तसा.

"ती काढून टाक समदी, आन् नीघ," पार्वतीबाई दातांत बोलल्या.

"ज्या हातानं शिंपडलं त्या हातानं काढा, वैनी. मी न्हाई हात लावायची."

ती निघाली. मागून शिव्या आल्या त्या तिनं ऐकल्या, पण त्या चिखलासारख्या बाजूला पडल्या. ओढ्यापाशी येऊन ती ओकली. वाळूनं हात घासले. चीक निघाला, कातडी सोलवटली, तरी तो दर्प जाईना.

घरी तुळजाबाई परतल्या होत्या. बोडके बुंधे बघून त्यांनी सगळं विचारलं. रंभानं सांगितलं. पुण्याच्या बाईला बोलली तेही सांगितलं. वाटलं होतं, सासू शाबासकी देईल. तुळजाबाईंनी भलतंच विचारलं.

"पयल्या शेंड्यावर शिंपडलं तवा तुला कळलं व्हतं?"

"व्हय, आत्याबाई."

"आन् मग बाकीचे बांधलेस? तुझ्या हातानं?"

रंभानं हात पदराआड नेले.

"छप्पन साली धर्म घेतला तवा ह्या घरात खायला दाणा नव्हता," तुळजाबाई म्हणाल्या. "तरी तुझ्या सासऱ्यानं मेलेलं ढोर वढायचं सोडलं. मी उष्टं मागायचं सोडलं. पोरं रडत व्हती, आन् आमी सोडलं. आन् तू शिकलेली, रेल्वेवाल्याची बायकू, मुताखाली पानं बांधत बसलीस?"

त्या चिडून आत गेल्या. रंभा अंगणात उभी राहिली. त्या बोलण्यानं तिला जेवढं लागलं तेवढं पार्वतीबाईच्या तांब्यानंही लागलं नव्हतं, कारण ह्यात खोटं काही नव्हतं. संध्याकाळी तुळजाबाईंनीच तिच्या सोललेल्या हाताला खोबरेल लावलं. पण शब्द मागं घेतला नाही.

मच्छिंद्र सुट्टीला आला तेव्हा त्याचा विचार झाड उपटून टाकायचा होता. "नगं त्ये डोळ्यांपुढं," तो म्हणाला. रंभा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं त्याला पुन्हा पाणी घातलं नाही. चैत्रात बुंध्यांना कोंब आले ते भांड्यांच्या पाण्यावर. ते पाणी तुळजाबाई तिकडं वळवायच्या.

पोपटरावांच्या मळ्यावर ती गेली नाही. पार्वतीबाईंनी दोनदा निरोप धाडला, कांदा काढायला बाया कमी पडतायत म्हणून. सोयरीक मोडली नव्हती, त्यामुळं त्यांच्या लेखी ती गोष्ट मिटलेली होती. रंभा निमोण्याला जाऊ लागली. तिथं एका माळी शेतकऱ्याच्या रानात कांदा होता. एसटीनं जायला लागायचं, दमायला व्हायचं.

संपतचं लग्न वैशाखात धरलं. वाडीत आवतण फिरलं. बौद्धवाड्यालाही आलं, नेहमीसारखं: मांडव घालायला, लाकडं फोडायला गडीमाणसं, पत्रावळी उचलायला बाया, आणि सगळ्यांची जेवणं झाली की शेवटची पंगत गोठ्यामागं. त्या दिवशी तुळजाबाई काठी टेकत घरोघर गेल्या. भाषण केलं नाही. लाल पानांचं जे झालं ते प्रत्येक दारात बसून जसंच्या तसं सांगितलं, मूत, राख, सगळं. ऐकता ऐकता बायांची तोंडं आंबट व्हायची. काही म्हणाल्या, रोजच्या कामाचं काय? तर तुळजाबाई म्हणायच्या, "जायचं तिनं जावं. मी सांगाया आले, अडवाया न्हाई."

लग्नाच्या आदल्या दिवशी पोपटराव स्वतः आले. सोसायटीचा माणूस, मतांची जाण असलेला. रस्त्यावर न थांबता अंगणात आले, रंभाच्या दारापुढं उभे राहिले.

"रंभा, कुणी आलं न्हाई गं मांडवाला. बाईमाणसाच्या बोलण्याचं एवढं मनावर घ्यायचं असतंय का? आमी काय भेद पाळतो व्हय? बघ, आलो का न्हाई तुझ्या दारात?"

रंभा तांदूळ निवडत होती. तिनं तांब्याभर पाणी आणलं आणि त्यांच्यापुढं धरलं. "आण्णा, उन्हातनं आलाव. पाणी घ्या."

पोपटरावांनी तांब्याकडं पाहिलं. घाम गळ्यावरून वाहत होता. ओठांवरून जीभ फिरली.

"नगं," ते म्हणाले. "आत्ताच च्या झालाय."

रंभानं तांब्या मागं घेतला. तिला नवल वाटलं नाही. त्या घामेजल्या गळ्याकडं, चुकवलेल्या डोळ्यांकडं बघताना मोरीवरचे ते राखेचे हात तिला आठवले, आणि ह्या वेळी तिनं काही लपवलं नाही.

"आण्णा, मला तुमच्या घरची किळस येती," ती सरळ म्हणाली. "राग न्हाई. किळस. तिथलं अन्न माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई. बाकीच्यांचं त्यांना इचारा."

असं वाक्य पोपटरावांना कुणी ऐकवलं नसावं. ते "लई माज आलाय," असं पुटपुटून, पचकन थुंकून निघून गेले. सारवलेल्या अंगणात थुंकीचा तो लाळेरा डाग राहिला. रंभानं त्यावर शेणगोळा टाकला, हात फिरवला आणि जागा सारवून घेतली.

दुसऱ्या दिवशी बौद्धवाड्यातली चार घरं लग्नाला गेली. त्यांची अडचण होती आणि कुणी त्यांना बोललं नाही. बाकीच्या बाया रंभाबरोबर पहाटेच्या एसटीनं निमोण्याला गेल्या. दिवसभर कांदा काढला. दुपारी बांधावर भाकऱ्या सोडल्या, एकीनं दुसरीच्या फडक्यातली चटणी उचलली, तिनं हिच्यातला ठेचा. शेतकऱ्याची म्हातारी पाण्याची घागर घेऊन आली आणि काठावर जरा घुटमळली, वरून ओतावं की घागर खाली ठेवावी ह्या विचारात. रंभा खाता खाता थांबली आणि म्हातारीच्या हातांकडं बघत राहिली.

म्हातारीनं घागर खाली ठेवली, वर तांब्या ठेवला आणि निघून गेली. तो तांब्या मागाहून राखेनं घासला गेला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. रंभानं घोटभर पाणी पिऊन बघितलं. मग तांब्या शेजारणीकडं दिला.